ध्रुवांवरच्या प्रदूषणाचं संगणकी मॉडेल: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या कॉलेजांमध्ये या विषयावर बोलले की पुढे कित्येक आठवडे प्रश्न येत राहतात. काही बीएस्सीच्या मुलांचे, काही त्यांच्या पालकांचे, काही पर्यावरणाच्या कामात मुरलेल्या मंडळींचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ध्रुवांवर ना कारखाने, ना ट्रॅफिक. मग तिथे प्रदूषण कुठलं?

बहुतेक सगळं बाहेरून आलेलं. १९५० च्या दशकात आर्क्टिकवरून उडणाऱ्या वैमानिकांना आकाशात धुरकट थर दिसायचे. आसपास शेकडो किलोमीटर एकही धुरांडं नसताना हे कुठून आलं, याचा उलगडा होत नव्हता. १९७० च्या दशकात त्या कणांचं रासायनिक विश्लेषण झालं. त्यातल्या धातूंच्या प्रमाणावरून माग काढता आला आणि तो युरोप व तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या कारखान्यांपर्यंत पोचला. या थरांना आर्क्टिक धुरकं म्हणतात. त्यात सल्फेट मुख्य, जोडीला सेंद्रिय कण आणि काजळी. हिवाळा सरताना आणि वसंतात ते सर्वात दाट असतं. उन्हाळ्यात रिमझिम आणि ढग वाढतात, तेव्हा हवा निवळते.

आर्क्टिक वर्तुळात काहीच जळत नाही असं मात्र नाही. रशियातलं नोरिल्स्क शहर निकेल वितळवण्याच्या भट्ट्यांवर उभं आहे. शिवाय तेलविहिरी आहेत, जहाजं आहेत. पण एकंदर हिशोबात दुरून येणारा वाटा मोठा.

२. चिमूटभर काजळी बर्फावर पडली तर असं काय बिघडतं?

ताजा स्वच्छ बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतो. त्यात वजनाने अब्जाला दहा ते शंभर भाग काजळी मिसळली तरी दृश्य प्रकाशाचं परावर्तन एक ते काही टक्क्यांनी घटतं. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. पण वसंतात सूर्य चोवीस तास वर असतो आणि प्रदेश अफाट असतो. शोषलेल्या उष्णतेने बर्फाचे कण मोठे होतात, मोठे कण आणखी उष्णता शोषतात आणि वितळणं लवकर सुरू होतं. म्हणूनच हवेत किती काजळी आहे यापेक्षा खाली किती बसली, हा आकडा महत्त्वाचा. आणि नेमका तोच काढणं सर्वात अवघड आहे (प्रश्न ६ आणि ७).

३. मॉडेल म्हणतात त्याच्या आत नक्की काय असतं?

चार गोष्टींचा हिशोब. कुठून किती धूर निघाला. वाऱ्याने तो कुठे नेला आणि किती पसरवला. वाटेत त्याचं रासायनिक रूप कसं बदललं. आणि तो कुठे, किती खाली बसला. वाऱ्याची माहिती हवामानाच्या मॉडेलमधून किंवा पुनर्विश्लेषणातून (जुनी मोजमापं आणि मॉडेल जुळवून तयार केलेल्या हवामानाच्या नोंदींतून) घेतात. युरोपीय हवामान केंद्राचं ईआरए-५ त्यात बरंच वापरात आहे. त्यात आडवं अंतर सुमारे ३१ किलोमीटर आणि उभे १३७ थर आहेत.

हिशोब मांडायच्या दोन तऱ्हा. एकीत सगळं वातावरण चौकटींमध्ये वाटायचं आणि प्रत्येक चौकटीत किती आलं, किती गेलं ते मोजत राहायचं. जिऑस-केम, डब्ल्यूआरएफ-केम, सिलाम या जातीची. दुसरीत हजारो-लाखो काल्पनिक कण सोडायचे आणि प्रत्येकाच्या मागे जायचं. फ्लेक्सपार्ट आणि हायस्प्लिट मुख्यतः या पद्धतीने चालतात. चौकटींच्या पद्धतीत रसायनशास्त्र नीट बसवता येतं, पण दूरवर जाताना धुराचे पातळ पट्टे चौकटीभर पसरून खोटेच विरळ होतात. कणांच्या पद्धतीत पट्टे टिकतात, मात्र गुंतागुंतीच्या रासायनिक क्रिया मांडणं जड जातं.

४. खरं सांगा, पुण्याचा धूर आर्क्टिकला जातो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून आकडे घालून लिहिते.

हवेचा एखादा पुंजका वर-खाली झाला तर दाब बदलून त्याचं तापमान बदलतं. म्हणून तुलनेसाठी तो पुंजका १००० हेक्टोपास्कल दाबाला आणला तर किती तापमान भरेल, तो आकडा वापरतात. त्याला पोटेन्शियल टेम्परेचर म्हणतात. पुंजक्याला बाहेरून उष्णता मिळाली नाही किंवा त्याने दिली नाही, तर तो आकडा बदलत नाही. पुण्यात हिवाळ्यातल्या दुपारी पारा ३० अंशांवर असतो, शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. हिशोब केला तर उत्तर येतं सुमारे ३०८ केल्विन. जानेवारीत सैबेरियात जमिनीलगत हाच आकडा २५० च्या आसपास असतो.

आता ही ३०८ ची हवा उत्तरेला निघाली तर ती थंड, जड हवेच्या खाली घुसू शकत नाही. तिच्यावरून चढत जाते. ध्रुवाजवळ ३०८ चा थर आठ किलोमीटर किंवा त्याहूनही उंच असतो. तिथून जमिनीपर्यंत उतरायचं तर हवेने पन्नासेक अंश थंड व्हायला हवं, आणि उष्णता बाहेर टाकून ती दिवसाला जेमतेम एक अंश थंड होते. म्हणजे लागले महिना-दोन महिने. काजळीचा कण हवेत सरासरी आठवडाभर टिकतो. वाटेत ढग आणि पाऊस आहेतच, आणि पावसाळ्यात तर बरंचसं इथेच धुऊन निघतं.

याउलट उत्तर युरेशियातली हवा मुळातच थंड. आर्क्टिकच्या थंड हवेचा घुमट जानेवारीत युरेशियावर कधी कधी ४० अंश अक्षांशापर्यंत खाली येतो. मग तिथले कारखाने त्या घुमटाच्या आतच असतात आणि त्यांचा धूर वर न चढता सरळ जमिनीलगत उत्तरेला जातो.

म्हणून उत्तर असं: आर्क्टिकच्या जमिनीलगत दक्षिण आशियाचा वाटा थोडा, पाच-सहा किलोमीटरच्या वर तो वाढतो. यावरून आपली काजळी निरुपद्रवी ठरत नाही. तिची बर्फाशी गाठ फार आधी, हिमालयातल्या हिमनद्यांवर पडते. आणि जे पदार्थ महिनोन्‌महिने टिकतात त्यांचं गणित निराळं आहे (प्रश्न ११ आणि १२).

५. हायस्प्लिटवर उलटा मार्ग काढला. रेघ पोलंडवरून गेली. म्हणजे प्रदूषण पोलंडचं, बरोबर ना?

इतकं सरळ नाही. हवा कुठून आली ते वेळेत मागे जाऊन दाखवणारी ती रेघ म्हणजे एका बिंदूचा सरासरी वाऱ्याने आखलेला मार्ग. अशा मार्गात चूक साधारणपणे कापलेल्या अंतराच्या २० टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे पाच हजार किलोमीटर मागे गेलात तर हजारभर किलोमीटर इकडे-तिकडे. पोलंडच्या जागी युक्रेनही असू शकेल.

दुसरं, रेघ पोलंडवरून गेली तेव्हा किती उंचीवर होती ते पाहा. चार किलोमीटरवर असेल तर खालच्या धुराशी तिचा संबंध येईलच असं नाही. तिसरं, वाटेत पाऊस पडला का? त्याच फाइलमध्ये पावसाचा रकाना मागून घेता येतो. तो बहुतेक जण मागतच नाहीत. एक रेघ काढण्याऐवजी थोड्या वेगळ्या उंचीच्या, थोड्या वेगळ्या वेळेच्या अनेक रेघा काढा. त्या एकत्र राहिल्या तर विश्वास ठेवा, फाकल्या तर त्या दिवसाबद्दल ठाम बोलू नका. प्रकल्प अहवालांत एका रेघेवर अख्खा निष्कर्ष उभा केलेला दिसतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण थोड्या जास्त मेहनतीने ते काम चांगलं झालं असतं.

६. प्रदूषण बर्फावर ‘बसतं’ म्हणजे कसं, आणि ते मॉडेलमध्ये कसं घालतात?

दोन वाटा आहेत, कोरडी आणि ओली. ओली वाट, म्हणजे हिम आणि पावसाबरोबर खाली येणं, पुढच्या प्रश्नात. इथे कोरडी.

कोरड्या वाटेत कणापुढे किंवा वायूपुढे एकापाठोपाठ एक तीन अडथळे मानतात. वरच्या हवेतून पृष्ठभागाजवळ पोचणं. पृष्ठभागाला चिकटलेल्या अतिपातळ, जवळजवळ स्थिर थरातून पार होणं. आणि पृष्ठभागाने त्याला धरून ठेवणं. ही मांडणी १९८० च्या दशकात रूढ झाली आणि बहुतेक मॉडेलांमध्ये अजून तिचंच कुठलं तरी रूप आहे. ती बेतली शेतं, गवत, जंगलं यांवर. बर्फावर तीच वापरताना तिन्ही अडथळ्यांबद्दल शंका घ्यावी लागते.

पहिला अडथळा पुणेकरांना सहज कळेल. डिसेंबरात सकाळी वेताळ टेकडीवर गेलात तर खाली शहरावर तपकिरी थर साचलेला दिसतो. त्याची वरची कड सपाट असते. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार, त्यामुळे वर-खाली मिसळणं थांबतं. दहाच्या सुमाराला ऊन तापलं की थर फुटतो. ध्रुवीय रात्रीत सूर्य उगवतच नाही. तोच उलटा थर दिवसचे दिवस, कधी आठवडे टिकतो. मिसळणंच थांबलं तर वरचा धूर बर्फापर्यंत येणार कसा? मॉडेलमध्ये इतक्या शांत हवेसाठी मिसळण्याचा एक किमान आकडा ठरवून टाकलेला असतो, आणि तो आकडा कोणी किती ठेवला यावर उत्तर हलतं.

तिसरा अडथळाही सोपा नाही. बर्फ सच्छिद्र असतो. वारा त्यात शिरतो आणि कण आतल्या थरांत अडकतात. बारीक कण बर्फावर बसण्याचा वेग सेकंदाला मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. इतकं मंद काही मोजताना उपकरणाची स्वतःची चूकच मोजमापाएवढी होऊ शकते.

वारा काय करतो हे आज आपण चांगलं जाणतो. कण बर्फावर कसा आणि किती बसतो, हे त्यामानाने फार कमी. ध्रुवीय मॉडेलांतली मोठी अनिश्चितता इथे आहे, आणि नव्या संशोधकांनी लक्ष घालावं असं मला मनापासून वाटतं तेही इथेच.

७. हिम पडलं की हवा धुऊन निघते ना? मग त्यात कठीण काय?

ढग कशाचा आहे ते. पाण्याच्या थेंबांच्या ढगात सल्फेटचा लेप चढलेला काजळीचा कण थेंबाचं बीज होतो आणि थेंबाबरोबर खाली येतो. पण आर्क्टिकमधले बरेच ढग मिश्र असतात: शून्याखाली गोठायचे राहिलेले थेंब आणि बर्फाचे स्फटिक एकत्र. बर्फावर बाष्पाचा संतृप्त दाब पाण्यापेक्षा कमी असतो, म्हणून स्फटिक वाढतात आणि थेंब आटतात. थेंब आटला की त्यातला कण पुन्हा हवेत मोकळा. स्फटिक मोठा होऊन खाली पडतो, पण काजळी मागे राहते.

मॉडेलने ही क्रिया धरली नाही तर ते वाटेतच फार काजळी धुऊन टाकतं आणि आर्क्टिकला पोचेपर्यंत हवा खोटीच स्वच्छ होते. धरली तर हवेतली काजळी वाढते, पण दर हिमवर्षावात खाली येणारी घटते. एकच बदल हवेतला आणि बर्फातला आकडा विरुद्ध दिशांना नेऊ शकतो. म्हणून फक्त हवेतल्या मोजमापाशी मॉडेल जुळलं म्हणून समाधान मानायचं नाही.

८. ध्रुवावर ग्रिड बिघडतं असं ऐकलं. म्हणजे काय होतं?

ग्रिड म्हणजे मॉडेलच्या चौकटींचं जाळं. रेखावृत्तं संत्र्याच्या फोडींसारखी टोकाला एकत्र येतात. एक अंशाची चौकट विषुववृत्तावर १११ किलोमीटर रुंद, ८० अंशांवर १९, ८९ अंशांवर दोनेक किलोमीटर. सेकंदाला २० मीटरचा वारा पहिली चौकट पार करायला दीड तास घेतो, शेवटची दीड मिनिटात पार करतो. हिशोबाच्या वेळेच्या एका टप्प्यात हवा एका चौकटीपेक्षा पुढे गेली की साध्या पद्धतींचं गणित फुटतं. म्हणजे ध्रुवापायी अख्ख्या पृथ्वीचा हिशोब अगदी बारीक टप्प्यांनी करायचा, किंवा दुसरा उपाय शोधायचा. ध्रुवाजवळ चौकटी जोडून मोठ्या करतात, किंवा घनाच्या सहा बाजू फुगवून बनवलेलं ग्रिड घेतात, किंवा फक्त ध्रुवीय प्रदेशापुरता वेगळा नकाशा-प्रक्षेप वापरतात. डब्ल्यूआरएफ-केम चालवणाऱ्यांनी ध्रुवीय स्टिरिओग्राफिक प्रक्षेप निवडावा. मर्केटर इथे चालत नाही.

९. मॉडेल बरोबर आहे हे कळतं कसं? तिथे मोजणारं कोण आहे?

केंद्रं मोजकी आहेत, पण चांगली आहेत. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरचं नाय-ओलेसुंड, तिथलं ४७५ मीटर उंचीवरचं झेपेलिन, कॅनडातलं अलर्ट, अलास्कातलं उत्कियागविक. भारताचं हिमाद्री केंद्रही २००८ पासून नाय-ओलेसुंडला आहे.

वाहतूक आणि बसणं वेगवेगळं तपासता येणं महत्त्वाचं. १९९४ मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटनीतून एक निष्क्रिय वायू मुद्दाम सोडला आणि युरोपभर १६८ केंद्रांवर त्याचा माग घेतला. हा वायू कुठेही बसत नाही, म्हणून त्यातून फक्त वाहतुकीची परीक्षा झाली. निसर्गातही अशी साधनं आहेत. जमिनीतून निघणारा रेडॉन-२२२ बसत नाही, ३.८ दिवसांत निम्मा होतो. त्यातून तयार होणारं शिसं-२१० कणांना चिकटतं आणि पाऊस-हिमाबरोबर उतरतं. मॉडेलचं रेडॉन जुळलं आणि शिसं चुकलं, तर वारा ठीक आणि धुण्याचा भाग चुकीचा.

२०११ मध्ये फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर हेच जगभर पाहता आलं. झेनॉन-१३३ हा उदासीन वायू आणि कणांना चिकटलेलं सीझियम-१३७ एकाच जागेतून निघाले. दोन्हींच्या गुणोत्तरावरून सीझियम वाहणाऱ्या कणांचं हवेतलं आयुष्य सुमारे १४ दिवस निघालं. १९ जागतिक मॉडेलांची उत्तरं पाच दिवसांपासून सत्तावीस दिवसांपर्यंत पसरली आणि सरासरी नऊच्या आसपास आली. म्हणजे बहुतेक मॉडेलं कण लवकर खाली पाडत होती. दहा दिवसांच्या प्रवासात हा फरक किती मोठा होतो, ते तुम्हीच गुणून पाहा.

घटनाही उपयोगी पडतात. २००६ च्या एप्रिल-मे मध्ये पूर्व युरोपात शेतं जाळल्याचा धूर स्वालबार्डला पोचला आणि झेपेलिनवर तोपर्यंतचे उच्चांक मोडले. त्या वसंतात आर्क्टिक नेहमीपेक्षा उबदार होतं. त्यामुळे तापमानातली दरी कमी झाली आणि धूर खालूनच आत शिरला. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

१०. पूर्वीची मॉडेलं आर्क्टिकमध्ये काजळी कमी दाखवायची. दोष धुण्याचाच होता का?

निम्मा दोष कुठून किती धूर निघतो त्या नोंदींचा. तेलविहिरींवर वाया जाणारा वायू जाळतात त्या ज्वाळा जागतिक काजळीच्या जेमतेम तीन टक्के. पण त्यातल्या मोठ्या ज्वाळा रशियाच्या उत्तरेला, घुमटाच्या आत आहेत. २०१३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात आर्क्टिकच्या जमिनीलगतच्या वार्षिक सरासरी काजळीत त्यांचा वाटा ४२ टक्के निघाला. घरगुती शेकोट्या-भट्ट्यांचा धूरही थंडी वाढली की वाढतो. वर्षभर सारखा धरला तर हिवाळा चुकतो.

११. पाऱ्याचं मॉडेल वेगळं का लागतं?

मूलद्रव्य रूपातला पारा वायू असतो आणि महिनोन्‌महिने हवेत राहतो, म्हणून कुठल्याही देशातला पारा ध्रुवापर्यंत जाऊ शकतो. १९९५ च्या वसंतात अलर्टला दिसलं की सूर्य उगवल्यानंतर हवेतला पारा अचानक जवळजवळ नाहीसा होतो. समुद्रबर्फावरच्या क्षारांतून निघणारं ब्रोमीन त्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि तो भराभर बर्फावर उतरतो. पुढे उन्हाने त्यातला बराच भाग पुन्हा हवेत जातो. म्हणजे इथे बसणं कायमचं नाही, आणि ब्रोमीनचं रसायनशास्त्र नसलेल्या मॉडेलला वसंत ऋतू कधीच जमत नाही.

१२. डीडीटी, पीसीबी यांचंही तसंच?

डीडीटी हे कीटकनाशक, पीसीबी ही ट्रान्सफॉर्मरसारख्या उपकरणांत वापरलेली रसायनं. त्यांचा प्रवास उड्या मारत होतो. उबदार प्रदेशात बाष्प होतात, थंडीत बसतात, ऊन पडलं की पुन्हा उठतात आणि टप्प्याटप्प्याने थंड प्रदेशात साचतात. म्हणून फक्त हवेचं मॉडेल पुरत नाही. माती, समुद्र आणि बर्फ यांच्याशी देवाणघेवाण धरावी लागते. १९६० च्या दशकातच अंटार्क्टिकातल्या पेंग्विनांमध्ये डीडीटी सापडलं. कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट मातांच्या दुधात पीसीबीचं प्रमाण दक्षिणेतल्या मातांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. ज्यांनी ही रसायनं कधी वापरली नाहीत त्या बायकांच्या दुधात ती होती. अशी रसायनं आटोक्यात आणणारा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला.

१३. अंटार्क्टिकाला हे सगळं जसंच्या तसं लागू होतं का?

नाही. भोवती महासागर, सतत वाहणारे पश्चिमी वारे, मध्ये तीन-चार किलोमीटर उंच पठार. पठारावरून थंड हवा बाहेरच्या दिशेने घसरते, म्हणून आत येणारी हवा बहुधा वरून उतरते. पठारावर हिम इतकं कमी पडतं की कोरडी वाट प्रबळ ठरते, आणि वाऱ्याने बर्फ उडून दुसरीकडे साचतो, तेव्हा एका ठिकाणचा नमुना आसपासच्या प्रदेशाबद्दल फार सांगत नाही.

तरी प्रदूषण पोचतंच. बर्फाच्या गाभ्यांमधलं शिसं १८८९ च्या सुमारास एकदम वाढलेलं दिसतं आणि त्याचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खनिजाशी जुळतात. अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला १९११ मध्ये. शिसं त्याच्या बावीस वर्षं आधी त्या खंडावर उतरलं होतं.

१४. मैत्री, भारती या भारताच्या अंटार्क्टिकातल्या केंद्रांवर जनरेटर चालतात. मग तिथली मोजमापं कशी मानायची?

उपकरणं वारा बहुधा जिकडून येतो त्या बाजूला, केंद्रापासून दूर ठेवतात आणि वारा केंद्राकडून आला त्या वेळच्या नोंदी गाळतात. ढोबळ मॉडेलशी तुलना करताना हे गाळणं झालंय का, ते आधी विचारा.

१५. यासाठी सुपरकॉम्प्युटर लागतोच का? पुण्यात सुरुवात कुठून करू?

पूर्ण रसायनशास्त्रासह जागतिक मॉडेल चालवायचं तर लागतो. पाषाणच्या आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत) २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आला, २०२४ मध्ये ‘अर्क’. पण शिकायला लॅपटॉप पुरतो. लिनक्स आणि पायथन येऊ द्या, फोर्ट्रान निदान वाचता येऊ द्या. विद्यापीठातल्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागात आणि आयसरमध्ये या विषयाचा पाया शिकता येतो.

पहिला प्रयोग आजच करता येईल. हायस्प्लिट मोफत आहे. नाय-ओलेसुंड निवडा: ७८.९ अंश उत्तर, ११.९ अंश पूर्व. ५००, १५०० आणि ५००० मीटर उंचीवरून दहा दिवसांचे उलटे मार्ग काढा. जानेवारीतला कुठलाही एक आठवडा घ्या आणि जुलैतला एक. पावसाचा रकाना चालू ठेवा. मग दोन्ही नकाशे शेजारी ठेवा, आणि कुठल्या उंचीची हवा कुठल्या ऋतूत कुठून आली, वाटेत कुठे धुतली गेली, हे प्रश्न ४ आणि ७ च्या आधारे एका पानात लिहून काढा.